शालनताईंचा नंबर

माझ्या दुकानात एक खण आहे. लोकांनी दुरुस्तीला टाकलेले आणि परत न नेलेले चष्मे त्यात पडून असतात. कुणाची काडी मोडलेली, कुणाची काच निसटलेली. ‘उद्या येतो’ म्हणून गेलेली माणसं दोन-दोन वर्षं उगवत नाहीत. किश्श्यांचंही तसंच झालंय. माणसं येतात, काहीतरी बोलतात, चष्मा घेऊन जातात आणि किस्सा माझ्याकडे ठेवून जातात. खण आता बंदच होईना, म्हणून आज थोडा उपसतो.

दुकान कडेगावात, एसटी स्टँडजवळ. इथे दिवसभरात ‘राम राम’पेक्षा जास्त वेळा एकच शब्द कानावर पडतो. नंबर. नंबर काढायचाय, नंबर वाढलाय, माझा नंबर आधी होता, तुमचा नंबर सांगून ठेवा, फ्रेम एक नंबर हाय! साहेब लोकांनी हा शब्द मोजायला म्हणून आणला असेल, आपण त्याला घरकामाला लावला. उसाच्या तोडीला नंबर, रेशनला नंबर, शर्यतीत बैलाचा नंबर. धंदा दोन नंबरचा असतो, आणि शाळेतलं पोरगं करंगळी वर करून एक नंबरला जातं.

मी स्वतः हा शब्द पहिल्यांदा ऐकला तो सुताच्या बाबतीत. आमचं घर माधवनगरचं, वडील तिथल्या कापड गिरणीत. सूत किती जाड, किती बारीक, हे नंबरात सांगतात. वडील गप्पा मारता मारता धागा अंगठा आणि बोटात फिरवायचे आणि धाग्याकडे न बघताच म्हणायचे, “चाळीसचं आहे.” चुकलेले मी कधी पाहिले नाहीत. बोटं कामात आणि डोळे कुठेतरी लांब, असा त्यांचा चेहरा माझ्या डोक्यात पक्का बसलाय. पुढे तो एकदा फार उपयोगी पडला.

दुकानात आम्ही तिघं. मी नंबर काढतो. सगळे मला डॉक्टर म्हणतात. मी डॉक्टर नाही, मिरजेत कोर्स करून आलेला डोळे तपासणारा आहे. सुरुवातीला हे मी प्रत्येकाला समजावून सांगायचो. मग एका आजीनं माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, “असू दे लेकरा, व्हशील.” तेव्हापासून समजावणं सोडलं.

दुसऱ्या शालनताई. वय बेचाळीस. काच घासून फ्रेममध्ये बसवायची, स्क्रू आवळायचा, काडी वाकवून कानाला नीट लागेल अशी करायची, हे सगळं त्या आठ वर्षं करतायत. तिसरे बापू. बापू आमच्याकडे कामाला नाहीत. फौजेतून हवालदार म्हणून रिटायर झाले, उसाचं रान मुलगा बघतो, आणि बापू सकाळी नऊला येऊन आमच्या बाकावर बसतात. त्यांना ऊठ म्हणायची कुणाची छाती नाही, आणि एखाद्या दिवशी आले नाहीत तर आम्हालाच करमत नाही.

एका सकाळी शालनताई म्हणाल्या, “डॉक्टर, मी सतरा नंबर भरू का?”

सतरा नंबर म्हणजे शाळा सुटलेल्यांनी घरी अभ्यास करून दहावीला बसायचा अर्ज. शालनताईंची शाळा सातवीत सुटलेली. दहावी झाली की मिरजेत डोळे तपासायच्या मदतनिसाचा कोर्स करता येतो, म्हणजे काचांच्या टेबलावरून उठून तपासणीच्या खुर्चीपाशी उभं राहता येतं. त्यांना तेच हवं होतं. “आठ वरसं दुसऱ्यानं काढलेला नंबर बसवतीया,” त्या म्हणाल्या. “एकदा मला सवता काढायचाय.”

मी हसलो. मनात वाईट काही नव्हतं, पण हसलो, आणि त्या हसण्याची मला आजही लाज वाटते. बापू हसले नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, “फारम कुठं मिळतोय?”

* * *

बाजारादिवशी दुकानाबाहेर नंबर लागतात. माणसांचे नाही, वस्तूंचे. पहिल्या एसटीनं आलेली माणसं पायरीवर आपापली वस्तू ठेवतात आणि बाजार करायला निघून जातात. चप्पल, पिशवी, पाण्याची बाटली, एकदा तर कोबीचा गड्डा! एक जण तपासून झाला की उरलेल्या वस्तू पुढे सरकवायच्या, हे काम बापूंनी आपणहून घेतलंय. ते वस्तूंशी फौजी हिंदीत बोलतात. “थैली, एक कदम आगे.”

एका बाजारी पायरीवर शेजारी शेजारी दोन दगड आले. चौथा आणि पाचवा नंबर. दगड सारखेच, आकारही तोच. दोन्ही मालकिणी एकाच वेळी परत आल्या आणि चौथा दगड आपलाच म्हणू लागल्या. बापूंनी दोघींना सावधान उभं केलं आणि चौकशी बसवली.

दोघींतली म्हातारी पाटणकडची, लेकीकडे आलेली. तिनं वाद घातला नाही. वाकून दोन्ही दगड उचलले, हातात तोलले, पाचवा खाली ठेवला. हातातला चौथा दाखवून म्हणाली, हा माझा, लेकीच्या बांधावरनं पिशवीत घालून आणलाय, स्टँडावरचा दगड कुणीही उचलतं. दुसरीनं खरोखरच स्टँडावरचा उचलला होता. तिनं आपला दगड मागं सरकवला.

म्हातारी खुर्चीत बसली. मी तक्ता दाखवला, तर तिला वरचं सगळ्यात मोठं अक्षरसुद्धा दिसेना. चित्रं दाखवली, कोंबडा आणि छत्री तिला सारखीच. मी म्हटलं, “मावशी, एवढं अंधुक दिसतंय, मग दगड कसा ओळखला?”

“दगूड वळकाय डोळं कशाला लागत्यात?” ती म्हणाली. “हाताला कळतंय की.”

आतल्या टेबलावर शालनताई खुदकन हसल्या. मीही हसलो. तिनं मला केवढी मोठी गोष्ट सांगितली होती, ते मला तेव्हा कळलं नाही.

* * *

चष्मा तयार झाला की फोन करावा लागतो, म्हणून पावतीवर मोबाईल नंबर लिहून घेतो. एक पाव्हणे नवीन चष्मा करायला आले, तपासणी झाली, फ्रेम ठरली, आणि नंबर विचारल्यावर माझ्याकडे बघत राहिले.

“माझा नंबर मला म्हाईत न्हाई.”

“अहो, स्वतःचा नंबर माहीत नाही?”

“मी मला कवा फोन करतोय?”

मी त्यांना माझ्या फोनवर मिस कॉल द्यायला सांगितला. रिंग वाजली आणि माझ्या फोनवर त्यांचं नावच उमटलं! शालनताईंनी कधीतरी घालून ठेवलेलं: ‘उद्या येतो, डावी काडी’.

मी तो खण उघडला. शोधून शोधून डाव्या काडीचा चष्मा काढला, धूळ पुसली, त्यांच्या नाकावर ठेवला. पाव्हण्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर वाचलं, बाहेरच्या एसटीची पाटी वाचली आणि माझ्यावरच रागावले.

“ह्यो असताना नवा कशाला करायला लावताय?”

* * *

बापूंचे डोळे मी एकदाच तपासले, तेही ते खुर्चीत न बसता. फौजी उभ्यानंच तपासून घेतो म्हणाले. तक्त्यात वर मोठं अक्षर असतं आणि खाली खाली बारीक होत जातं. जग वरून वाचायला लागतं. बापूंनी सगळ्यात खालची ओळ आधी वाचली, मग तिच्या वरची, असं करत करत वर गेले. मी कारण विचारलं.

“मोठं कुणीबी वाचतंय,” बापू म्हणाले. “आधी अवघड चौकी घ्यायची. वरचं आपसूक येतं.”

तेव्हा मला कळलं की बापू सगळंच खालून वाचतात. पेपर शेवटच्या पानापासून, लग्नपत्रिका ‘आपले नम्र’पासून. लांबचं त्यांना अजून गरुडासारखं दिसतं. जवळचं मात्र पार गेलंय. पेपर धरताना हात इतके लांब जातात की बाकावर शेजारी बसलेल्याला उठावं लागतं. मी बारा वर्षं सांगतोय, बापू, जवळचा नंबर लागलाय, चष्मा करून घ्या. बापूंचं उत्तर ठरलेलं. “हात पुरतोय तवर गरज न्हाई.”

अशा माणसानं शालनताईंना गणित शिकवायला घेतलं. दुपारी गिऱ्हाईक कमी असायचं तेव्हा बाकावर शाळा भरायची. पुस्तक बापूंच्या हातात, पार गुडघ्यांपलीकडे. शालनताईही मान मागे घेऊन, डोळे बारीक करून बघायच्या. दोघं मिळून ते पुस्तक विस्तवासारखं लांब धरायचे. मी काउंटरमागून हे रोज बघत होतो. चष्म्याच्या दुकानाचा मालक मी, आणि मला त्यात काहीच दिसलं नाही!

* * *

आता मेंढरांचा किस्सा. हा मी मिरजेच्या माझ्या सरांनाही सांगितला आणि त्यांनी तो खरा मानला नाही.

ऊस तुटून गेला की पूर्वेकडची मंडळी कळप घेऊन इकडे उतरतात, मोकळ्या रानात मेंढरं बसवतात. अशातले एक आबा दुकानात आले. लांबचं दिसत नाही म्हणाले. लिहिता-वाचता येत नसेल तर आमच्याकडे वेगळा तक्ता असतो. त्यावर एकच आकार, तीन दात असलेला, कधी उजवीकडे तोंड, कधी डावीकडे. दात कुठल्या बाजूला ते हातानं दाखवायचं. आबा तक्त्याकडे जरा वेळ बघत राहिले.

“ह्ये दाताळं कुनीकडं तोंड करून हाय, ह्ये मला कळून काय उपेग?” ते म्हणाले. “माझ्या बरुबर चला.”

त्यांचा कळप स्टँडामागच्या रानातच होता. मी तपासणीची जाड गोल फ्रेम आणि काचांची पेटी घेऊन त्यांच्यामागं निघालो, माझ्यामागं बापू, बापूंच्या मागं स्टँडावरची रिकामी मंडळी. बांधावर उभं राहून आबांनी मला त्यांचा तक्ता समजावून सांगितला. प्रत्येक मेंढराच्या कानाला त्यांच्या घराची खूण होती, एक चीर आणि एक खाच. जवळच्या दहा-बारांची खूण दिसत होती, त्यापलीकडे सगळी लोकर.

मी फ्रेम त्यांच्या नाकावर चढवली आणि काचा बदलायला लागलो. एक काच घातली, आबा बाभळीपर्यंत पोहोचले. दुसरी घातली, पाटापर्यंत. प्रत्येक काचेला ते पुढच्या मेंढराचं वर्णन सांगायचे, ही काळ्या तोंडाची, हिचं कोकरू मागल्या महिन्यातलं. अशी नजर तपासणी मी आयुष्यात केलेली नव्हती. मग मी पाव नंबर आणखी वाढवला आणि आबा पाटाकडं टक लावून बघायला लागले. मला वाटलं, डोळ्यात पाणी आलं असेल, लोकांना येतं.

“डॉक्टर,” आबा म्हणाले, “त्या पाटाकडंचं मेंढरू माझं न्हाई.”

दुसऱ्याच्या कळपातलं मेंढरू दिवाळीपासून त्यांच्याकडे चरत होतं! आबांनी फ्रेम काढून माझ्या हातात दिली आणि चष्मा व्हायची वाट न बघता, ते मेंढरू घेऊन मालकाच्या शोधात निघून गेले. चार दिवसांनी आले. मालक सापडला होता, चहा झाला होता आणि बोलता बोलता आबांच्या नातीचं स्थळही तिथंच ठरलं होतं.

* * *

एकदा दोन गाडीवान एका मधल्या वयाच्या माणसाला दोन्ही दंडांना धरून घेऊन आले. मला वाटलं मारामारी. तसं नव्हतं. हा माणूस त्यांच्या गावच्या बैलगाडा शर्यतीत शेवटच्या रेषेवर झेंडा घेऊन उभा राहणारा पंच. गेल्या तीन मैदानांत त्यानं नंबर चुकीचे दिले होते. हे दोघे गाडीवान एकमेकांचे हाडवैरी, पण पंचाला चष्मा पाहिजे यावर त्यांचं एकमत झालं होतं. असं एकमत त्या गावात बऱ्याच वर्षांनी झालं म्हणे.

मी नंबर काढला, शालनताईंनी त्याच दिवशी काच बसवून दिली. पुढच्या आठवड्यात पंच एकटाच आला आणि खुर्चीत न बसता उभाच राहिला.

“डॉक्टर, ह्यातला थोडा नंबर कमी करून द्या.”

मी विचारलं, का, डोकं दुखतंय का? तो म्हणाला, डोकं नाही दुखत. पहिल्यांदाच सगळं स्पष्ट दिसलं, आणि मेव्हण्याची बैलं दुसरी आली. बायको माहेरी जाऊन बसली.

शालनताई आतून आल्या. त्यांनी त्याच्या हातातून चष्मा घेतला, नाकाजवळची पट्टी थोडी दाबली, परत दिला. “नंबर तोच हाय,” त्या म्हणाल्या. “पर आता निसटणार न्हाई.” पंच गुमान गेला. बायको गणपतीला परत आली. अजूनही तोच झेंडा धरतो, आणि आता आसपासची गावंही त्यालाच बोलावतात.

* * *

शालनताईंचा पहिला निकाल लागला तेव्हा दोन विषय गेले. गणित आणि इंग्रजी. त्यांनी पुस्तकं पिशवीत भरली आणि पिशवी बापूंच्या शेजारी बाकावर ठेवली. म्हणाल्या, कुणाला तरी देऊन टाका, माझ्या डोक्यात शिरत नाही, बघावं तर अक्षरं एकात एक जातात. बापूंनी पिशवी घेतली नाही आणि हलवलीही नाही. ती दिवसभर तिथंच बसून होती, चौथ्या माणसासारखी.

त्याच दिवशी दोन जावा आल्या. साठीच्या पुढच्या. एकीनं चष्मा काढून दिला, स्क्रू पडलाय म्हणाली. दुसरी म्हणाली, माझ्या डोळ्याला लावून बघा, बरोबर बसतोय का. मी चक्रावलो. चष्मा एक आणि नाकं दोन! मग उलगडा झाला. चष्मा सासूचा. वाटणी झाली तेव्हा रान वाटलं, भांडी वाटली, गोठासुद्धा मधोमध वाटला. चष्मा काही अर्धा करता येईना, म्हणून तो विहिरीसारखा सामाईक राहिला. पाण्याची पाळी असते तशी चष्म्याची पाळी. आठ दिवस हिच्याकडे, आठ दिवस तिच्याकडे. दोघींना नंबरही साधारण एकच लागत होता, हे त्यांचं नशीब.

मी म्हटलं, साधे दोन करून देतो, खर्च काही फार नाही. दोघी एकमेकींकडे बघायला लागल्या. थोरलीनं पदर सावरला.

“दोन केलं तर मग आमी बोलायचं कवा?”

वाटणीपासून दोघींचं बोलणं बंद होतं. फक्त चष्मा द्यायला-घ्यायला एकमेकींच्या दारात जायच्या, आणि मग निघताना उशीर व्हायचा. मी दुसऱ्या चष्म्याचं नाव परत काढलं नाही. शालनताईंनी त्या चष्म्याला इतका मजबूत स्क्रू लावला की तो त्यांच्या नातसुनांनाही पुरेल.

पण शालनताई तो स्क्रू लावत होत्या तेव्हा मी त्यांच्याकडे बघत होतो. स्क्रू केसाएवढा. त्यांच्या हातात पेचकस, बोटं सरसर फिरत होती, आणि डोळे खिडकीतून बाहेर, लांब, स्टँडाच्या पत्र्यावर लागलेले. मी हा चेहरा ओळखत होतो. माधवनगरात, हातात सूत असलेला माझ्या वडिलांचा चेहरा. आणि मागोमाग ती पाटणची म्हातारी आठवली. हाताला कळतंय की.

मी म्हटलं, “शालनताई, स्क्रू बघून का लावत नाही?”

“बघितलं तर दिसत न्हाई,” त्या सहज म्हणाल्या. “बोटाला दिसतोय.”

मी त्यांना उठवून खुर्चीत बसवलं. आठ वर्षांत पहिल्यांदा! जवळचं वाचायचं कार्ड हातात दिलं. त्यांनी ते लांब धरलं, मान मागे घेतली, डोळे बारीक केले, अगदी पुस्तक धरायच्या तसंच. मी एक काच लावली, दुसरी लावली. पावणेदोन नंबर निघाला. चाळिशी उलटली की लागतो तसा, साधा, रोजचा. असे मी दिवसाला पाच-सहा काढतो.

त्या कार्ड बघत राहिल्या. मग ते त्यांनी मोठ्यानं वाचलं, पहिल्या ओळीपासून शेवटच्या बारीक ओळीपर्यंत, न अडखळता. वाचून झाल्यावर कार्ड मांडीवर ठेवलं आणि म्हणाल्या, “म्हंजी मी ढ न्हाई व्हय?”

हजारो लोकांचे नंबर काढले आणि रोज माझ्यासमोर बसणाऱ्या बाईला विचारलंसुद्धा नाही. ती नापास झाली ती माझ्यामुळं, असं मला वाटलं, आणि मी ते त्यांना तसंच सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि बाकावरची पिशवी उचलून टेबलाखाली ठेवली.

* * *

नवा चष्मा लावून शालनताईंनी दोन विषयांची परीक्षा परत दिली. निकालाच्या दिवशी दुपारी एकला फोनवर बघायचं होतं. बारापासून दुकानात एकही गिऱ्हाईक येऊ नये अशी माझी इच्छा, आणि नेमके त्याच दिवशी सगळे आले. दोन्ही जावा, आठवड्याची अदलाबदल करून चष्मा साफ करून घ्यायला. शर्यतीचा पंच. शालनताईंनी सगळ्यांचं केलं. एकला पाच मिनिटं असताना त्या टेबलाशी जाऊन आमच्याकडे पाठ करून बसल्या, चष्मा काढून शेजारी ठेवला आणि एक काच घासायला घेतली. म्हणाल्या, तुमी बघा, मला नका सांगू.

फोन मी घेतला होता, पण निकाल आपण वाचणार म्हणत बापूंनी तो काढून घेतला. परीक्षेला बसायचा नंबर त्यांनी तळहातावर पेनानं लिहून आणला होता, तो मी त्यांच्या हातातल्या फोनवर एक एक आकडा दाबून घातला. त्याखाली आईचं नाव मागत होतं.

“शालन,” बापू म्हणाले, “आईचं नाव सांग.”

शालनताईंचा हात थांबला. “हिराबाई,” त्या म्हणाल्या. आणि मग, कुणी विचारलं नसताना, “तिला सई करता येत हुती.”

मी नाव घातलं. चक्र फिरायला लागलं. थांबलं, परत फिरलं. मग पान उघडलं. बापूंनी फोन लांब धरला, आणखी लांब धरला, दोन्ही हात सरळ केले. पंच मागं सरकला. तरी दिसेना. हात पुरला नाही.

बापूंनी माझ्याकडे बघितलं नाही. त्यांनी हात मागं नेऊन टेबलावरचा शालनताईंचा चष्मा उचलला, कानावर चढवला, सावधान उभे राहिले आणि नेहमीसारखं खालून वाचलं.

“पास.”

जावांपैकी धाकटीनं थोरलीचा हात धरला. मी खाली बसलो. शालनताई वळल्या नाहीत.

“गणित सांगा,” त्या म्हणाल्या.

बापू एक एक ओळ वर चढत गेले. “एक्केचाळीस.”

“इंग्रजी?”

“अडतीस.”

शालनताई उठल्या. हातातली घासलेली काच कापडात नीट गुंडाळून ठेवली. हात पुसले. मग बापूंसमोर येऊन उभ्या राहिल्या आणि त्यांच्या नाकावरच्या आपल्या चष्म्याकडे बघत राहिल्या. बापूंच्या हातातला फोन आता छातीपाशी आला होता, साध्या माणसाच्या अंतरावर, हे त्यांच्या लक्षातही नव्हतं.

“बापू,” शालनताई म्हणाल्या, “खुर्चीत बसा.”

“मी उभा ऱ्हातो.”

“बसा.”

बापू बसले. मी जागेवरून उठलो नाही. शालनताईंनी जवळचं कार्ड त्यांच्या हातात दिलं, काचांची पेटी उघडली, दिवा लावला. बापूंनी खालच्या ओळीवर बोट ठेवलं. शालनताईंनी ते बोट धरलं आणि वर नेलं.

“वरनं वाचायचं,” त्या म्हणाल्या.

आणि बापूंनी वरून वाचायला सुरुवात केली.